पंधरा दिवसांची माय

९ मे १९८७, शनिवार
पोचले एकदाची दादाच्या गावी! तीन वर्षांत पहिल्यांदाच सलग पंधरा दिवस रजा. दवाखान्यात साहेब म्हणाले, "सिस्टर, एवढ्या दिवसांचं करणार काय?" काय करणार म्हणजे? पोटच्या पोरीला आपलंसं करणार. तिचे बाबा गेले तेव्हा विशाखा आठ महिन्यांची. मी नर्सच्या ट्रेनिंगला गेले, तिला ठमावहिनीनं वाढवलं. आता पाचची झाली. जूनमध्ये धानोऱ्याला माझ्याकडं नेऊन पहिलीत घालायची. रडत नाही, हसत आली पाहिजे.

दारातच वहिनीच्या मागं लपली. "माय, सुईवाली बाई आली वो!"

मागच्या वर्षी गोवराची लस मीच टोचली होती. कार्टी विसरली नाही.

१० मे
पांढरा फ्रॉक दिला. हात लावला नाही.

१२ मे
पहाटेच वहिनीबरोबर जंगलात, तेंदूपत्त्याला. रजेत कोणी असं राबतं का? पण विशी जाते, म्हणून मी. पानांचे पुडके कसे बांधायचे ते विसरूनच गेले होते मी, सगळी निसटत होती. विशी खदाखदा हसली. "तुले येत नाई? आन इकडं. असं धरतेत." माझं बोट धरून दाखवलं! येताना माझ्या खांद्यावर झोपली. मान अवघडली, पण हलले नाही.

१३ मे, बुद्धपौर्णिमा
फ्रॉक घातला! खीर माझ्या हातून खाल्ली. "धानोऱ्याले बी तेंदू हाय?" आहे गं बाई, वाट्टेल तेवढा आहे!

१५ मे
शेजारच्या टोल्यावर, पलीकडच्या वस्तीत, मुखरूचं पोर गोवरानं गेलं. दोन वर्षांचं. इथली नर्स लस घेऊन आली, तर सुईच्या भीतीनं एकही बाई पोर बाहेर काढेना. मी रजेवर आहे, म्हणून घरात बसून राहिले. खोटं कशाला लिहू? मग तीच बोलवायला आली. "बर्फ वितळून राह्यला, ताई. लस वाया जाईल."

समाजमंदिरापुढं गावातली रुखमाबाई आडवी आली. "आमच्याच लेकराले काऊन? आधी तुह्या पोरीले टोच."

तिला आधीच टोचली आहे, म्हटलं.

"कोनं पाह्यलं?"

विशीला गरजच नव्हती. नुसतं दाखवायला टोचायची! मी वाकले. तिला वाटलं, कडेवर घेते. हात पुढं केले तिनं. त्यातलाच एक धरला नि टोचली.

"माय! माय वो!" करत धावली. वहिनीकडं.

मग सत्तावीस पोरं टोचली. त्याच हातानं. मेला हात!

१६ मे
लोक चारोळी आणून देतात. "बाई, तुमी देवमानूस." विशी मी असले की घरात पाऊल टाकत नाही. फ्रॉक गोठ्यात सापडला. दादा म्हणतो, "पोरगीच हाय, इसरन." मला नाही वाटत.

१७ मे
विशी दोन दिवस बाहेरच जेवते आहे. माझ्यामुळं.

१८ मे
वहिनीला सांगितलं, विशीचं नाव इथल्याच शाळेत घाला, पालक म्हणून दादाची सही. मी आजच जाते.

वहिनी खूप रडली. राहा म्हणाली नाही.