गच्चीवरच्या रोपाला काय कमी आहे

मंगळवार, १७ जून

आधी दुरुस्ती. शनिवारी लिहिलं की पानं खालून पिवळी पडताहेत. चूक. आज भर उजेडात पाहिलं, वरून पडताहेत. फरक लहान नाही. खालची जुनी पानं पिवळी पडली तर नत्र कमी. वरची कोवळी पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, तर लोह कमी. म्हणजे शनिवारपासून मी त्याला शेळीच्या लेंड्यांचं पाणी पाजते आहे ते भलत्याच आजारावर. रोपाची माफी मागितली. मनातल्या मनात.

लेंड्या बंद. गंजके खिळे पाण्यात भिजत घातले. आठवड्यात हिरवं होईल.

शुक्रवार, २० जून

पाण्याचा रंग चहासारखा झाला. रोपाचा रंग आहे तोच.

अम्ती फत्तूमा, बाची बहीण, धुणं वाळत घालायला वर आली. खिळ्यांची बादली बघून म्हणाली, "रहिमू, याला नाल ठोकणार आहेस का?" मग वाकून देठांच्या बेचक्यात बघितलं. "हे गोळे कसले गं?"

कळ्या, म्हटलं.

"कसल्या कळ्या?"

इतक्यात सांगता येत नाही, म्हटलं. ते खरंच आहे.

तिची काळजी कळते. आमच्या घराच्या खालीच तिचे किफचे, म्हणजे गांजाचे, पट्टे. यंदा पहिल्यांदा सगळा माल औषधाच्या फॅक्टरीत जायचा आहे आणि फॅक्टरीला बी धरलेला गांजा चालत नाही. पण माझं रोपही काही चोरून लावलेलं नाही. कोऑपरेटिव्हच्या परवान्यात नोंदवून आले आहे. "एकच?" असं विचारून सेक्रेटरी हसले होते.

एकच. बा हिवाळ्यात गेला. त्याच्या रुमालाच्या गाठीत जुनं गावठी बी होतं, परदेशी बी गावात यायच्या आधीचं. सगळं पेरलं, उगवलं हे एकच. याने बी धरलं तरच बाचं वाण राहील. म्हणून याची तब्येत सुधारणं महत्त्वाचं. बाकी गोष्टी नंतर.

मंगळवार, २४ जून

पानांच्या कडा करपल्या. पालाश कमी. चुलीतली राख घातली. आजाराला नाव सापडलं की निम्मं काम झाल्यासारखं वाटतं.

अम्तीचा मुलगा अल्लाल जिन्यातूनच ओरडला, "रहिमू, तुझ्या नवरीला मिशा फुटल्या! लग्न मोड!"

मी शांतपणे सांगितलं की खत जास्त झालं की असे घोस लोंबू शकतात.

"लेंड्यांनी मिशा येतात होय? मग मला पाज की. पंचविशी आली, अजून धड फुटत नाहीत."

घोस लोंबतात हे मात्र मान्य करायला हवं. लोंबतात.

शनिवार, २८ जून

राख जास्त झाली. व्हिडिओत सांगतात, राखेने लोह अडतं. म्हणजे मंगळवारी मी औषध नाही, आजार दिला. आता राख धुऊन काढायला भरपूर पाणी. पाण्याबरोबर नत्र वाहून जाणार. नत्रासाठी पुन्हा लेंड्या. फार थकले आहे.

शाळेत जायच्या आधी बाने मला याच गच्चीवर कोळशाने अक्षरं गिरवायला शिकवलं. अक्षरं झाल्यावर पानं. म्हणायचा, पानसुद्धा वाचायचं असतं, पण लिहिलंय ते वाच, तुला हवं ते नको. आणि म्हणायचा, नर ओळखलास की पराग उडायच्या आत, त्याच दिवशी उपट, दुसऱ्या दिवशी दया येते.

बाचा नियम मी कधीच मोडलेला नाही. नियम ओळखल्यावर लागू होतो. मी अजून ओळखलेलं नाही.

बुधवार, २ जुलै

अम्ती आली. हातात धुणं नव्हतं.

"खरं सांग. नर आहे ना तो?"

मी म्हटलं, आजारी रोपाबद्दल काही ठरवणं योग्य नाही. ताण पडला की रोप काहीही दाखवतं.

"ताण माझ्यावरही आहे. मला नाही कुठे गोळे लटकले."

मला हसू आलं, तिला नाही. म्हणाली, "बाई गं, खाली माझं अख्खं वर्ष उभं आहे."

पिवळेपणा थांबला की लगेच निर्णय घेते, असं वचन दिलं.

"उद्या."

"लवकर," मी म्हटलं. खोटं वचन देणं मला जमत नाही.

मॅग्नेशियम सुरू केलं.

रविवार, ६ जुलै

कालपासून शर्गी, तोच तो पूर्वेचा कोरडा वारा. रोपाचा डबा आत न्यावा असं एकदा मनात आलं. पण आजाऱ्याला मोकळी हवा लागते.

चादरींवर बारीक पिवळी धूळ. शर्गीबरोबर वाळवंटातून येत असणार. दरवर्षी येते का, आठवत नाही. डब्याजवळच्या चादरीवर जास्त होती. तिथे वारा अडतो. झटकून घड्या घातल्या.

सोमवार, १४ जुलै

दुरुस्ती. ६ तारखेची धूळ वाळवंटातली नव्हती.

अम्ती सकाळी तिच्या पट्ट्यातली एक फांदी घेऊन वर आली. फुलांचे पांढरे केस तांबूस होऊन आक्रसले होते. तिने एक बोंड नखाने फोडून माझ्या तळहातावर ठेवलं. आत हिरवं बी.

ओरडेल असं वाटलं होतं. ती डब्याशेजारी बसली. म्हणाली, "वरचे पट्टे गेले. फॅक्टरी घेणार नाही."

तिथेही पालाश कमी असेल का, असं तोंडातून निघून गेलं.

"गप बस," ती म्हणाली. मग रोपाचं एक पिवळं पान तोडून बघत राहिली. "याला काहीच कमी नव्हतं, रहिमू. आपलं गावठी जरा पिवळट असतंच. निम्मं तू केलंस. आणि आता काम झालं, आता तो वाळणारच. नर तसाच जातो." थोड्या वेळाने म्हणाली, "तुझा बा शेवटी याच रंगाचा झाला होता."



उठताना म्हणाली, "बी मी राखून ठेवते. अर्धं तरी त्याचंच आहे. पण पुढच्या वर्षी ते माझ्या पट्ट्यात लावायचं. पाणी तू आणायचंस, खालच्या झऱ्यावरून. आणि राखेला हात लावलास तर बघ."

हो म्हटलं.

म्हणजे ओळख आज पटली. नियमाप्रमाणे आजच उपटायला हवं. पण सकाळीच त्याला पाणी घालून झालं होतं, आणि मुळं ओली असताना ओढणं बरं दिसत नाही. उद्या अम्तीबरोबर वरचे पट्टे तपासायचे आहेत. बुधवारी बाजार. गुरुवारी, १७ जुलैला, सकाळी वारा सुटायच्या आत उपटणार.