साडेपाच युनिटांचे घर

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, राष्ट्रीय नियोजन कार्यालयातून निवृत्त झालेली आकडेतज्ज्ञ, असे लिहून ठेवते की माझे गुडघे आणि एक फुप्फुस कामातून गेले असले तरी डोके जागेवर आहे. कोणी भरीस घातले म्हणून मी हे लिहीत नाही. उलट सगळे घरदार "कशाला आता डोक्याला ताप?" म्हणत असताना लिहिते आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी फारच गोड वागले होते.

कलम १. बँकेतली शिल्लक, दागिने व पुस्तके माझ्या मुलीला. तिने कोणाला विचारत बसू नये.

कलम २. माझ्या थोरल्या भावाचे जनरेटरचे दुकान आहे. देशाचा कार्बन कमी करण्याच्या आराखड्याला तो वीस वर्षे "तुमचं ते थोतांड" म्हणत आला. त्याला आराखड्याची छापील प्रत द्यावी. मुखपृष्ठापलीकडे त्याने ती कधी उघडलेली नाही. कलम ३ मात्र त्याच्यासमोर वाचू नये. आयतेच कोलीत मिळेल.

कलम ३. राहते घर. हे माझे व माझ्या दिवंगत पतीचे स्वकष्टार्जित असून त्यावर दुसऱ्या कोणाचाही हक्क नाही.

आता या घराची भानगड. कोळशाची वीज बंद करत न्यायची, तर थंडीत एका कुटुंबाला कमीत कमी किती वीज पुरेल, हे ठरवायचे काम माझ्याकडे होते. नमुन्याला स्वतःचे घर द्यायला कार्यालयात एकही माणूस पुढे येईना. "मॅडम, आमच्याकडे म्हातारी माणसं आहेत," म्हणाले. म्हातारे माणूस माझ्याकडेही होते, माझ्या सासूबाई. पण मला खुमखुमी, दिले आमचेच घर! भिंतींना अस्तर लावले, खिडक्यांना दुहेरी काचा बसवल्या, रोज सकाळी चहाच्या आधी मीटर बघितला. तीन हिवाळ्यांची सरासरी निघाली दिवसाला साडेपाच युनिट. कार्यालयात टाळ्या वाजल्या. मी घरी येऊन टेचात सांगितले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "बघ, जमवलंस की नाही!"

त्या गेल्या. त्यानंतर चार वर्षांनी शेजारीण बोलता बोलता म्हणाली, "अहो ताई, तुम्ही दोघं कामावर निघालात की आजी आमच्याकडे यायच्या. अकरा ते पाच हीटरपुढे. म्हणायच्या, घरी लावला तर सुनेचा आकडा बिघडेल. तुम्हाला सांगायचं नाही म्हणून शपथच घातली होती मला."

म्हणजे माझ्या घरात त्या म्हातारीला तीन हिवाळे थंडी वाजली आणि मी मीटर बघत राहिले. साऱ्या देशाचा हिवाळा मोजायला निघालेल्या बाईला, "आई, दुपारी गारठत नाही ना?" एवढे विचारायचे सुचले नाही. मला माझीच लाज वाटते.

कार्यालयाला मी सात पत्रे लिहिली. आराखडा योग्यच आहे, कोळसा गेलाच पाहिजे, फक्त हा एक आकडा दुरुस्त करा. उत्तर आले, "आकडा छापला गेला आहे. पुढील फेरआढावा सहा वर्षांनी." स्वतः गेले, तर नवे प्रमुख हसून म्हणाले, "मॅडम, तुमच्याच घराचा आकडा ना हा? मग तक्रार कसली?" कपाळ माझे! येत्या हिवाळ्यापासून साडेपाच युनिट झाली की वीज तोडणारे मीटर घरोघरी लागणार आहेत. तो हिवाळा मी बघणार नाही, असे डॉक्टर म्हणतात. पण ज्यांना अशी शेजारीण नाही, त्या म्हाताऱ्यांनी काय करायचे?

सबब हे घर मी नियोजन कार्यालयाला एका अटीवर देते. प्रमुखांनी स्वतःच्या आईला घेऊन येत्या थंडीचे दोन महिने इथे साडेपाच युनिटांत काढावेत. शेजारी जाऊन बसायचे नाही. नोंद दर महिन्याला रीडिंग घ्यायला येणारा आमचा मीटरवाला ठेवील, तो कोणाला भीक घालत नाही. माझ्या मृत्यूनंतर तीस दिवसांत होकार न आल्यास घर मुलीचे, आणि त्यांचा नकार तिने वर्तमानपत्रात छापून आणावा. पत्रे फायलीत दडपता येतात. मृत्युपत्र कोणाला तरी उघडून वाचावेच लागते.

बरोबर आकडा, माझ्या माहितीप्रमाणे: दिवसाला नऊ युनिट.

ठिकाण: याच घराची पुढची खोली
तारीख: ८ सप्टेंबर
लिहून ठेवणारी: (सही)

साक्षीदार पहिला, मीटरवाला: सगळे माझ्यासमोर वाचून दाखवले. बाई पूर्ण शुद्धीवर आहेत, माझ्याशी भांडल्यासुद्धा. (सही)

साक्षीदार दुसरी, शेजारीण: सही करते, पण नऊ बरोबर नाही. आजी आंघोळही आमच्याकडेच करायच्या, गरम पाण्याने, रोज. तेही धरा. (सही)

दुरुस्ती: वर "नऊ" खोडून "साडेदहा" केले आहे. ही खाडाखोड मला मान्य आहे. आंघोळीचे मला आत्ता कळले. (सही)