बिनवाळूचं अंगण

प्रिय तात्या,

काल तुमचं वर्षश्राद्ध झालं. वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, खीर, सगळं तुमच्या आवडीचं केलं. कावळाही फार न ताटकळवता पानाला शिवला. पण पत्र त्यासाठी लिहीत नाही. आज सकाळी अंगणातच चाळीची मीटिंग झाली आणि तीत मी उभी राहून बोलले. सुनेनं चारचौघांत तोंड उघडलं हे तुम्हाला दुसऱ्या कोणी सांगण्याआधी मीच सांगावं म्हणून लिहायला बसले.

विषय तुमच्या अंगणाचा होता. गणपतीआधी त्यावर गुळगुळीत कोबा घालायचा, असं कमिटीच्या सावंत मास्तरांनी ठरवूनच टाकलं होतं. म्हणाले, "किती वर्षं झाली, अजून खडबडीत ते खडबडीतच. तात्यानं वाळू खाल्ली आणि आपण निस्तरतोय." गेलेल्या माणसाबद्दल असं बोलतात का? पण मास्तरांचं म्हणजे उचलली जीभ, लावली टाळ्याला.

वाळू खाल्ली. हा शब्द तुम्ही जिवंतपणीही ऐकलात. उभ्या भांडुपात तुमच्यासारखा गवंडी नव्हता, आणि स्वतःच्या दारातल्या कामावरून तुम्हाला चोर ठरवलं.

मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही अंगण बांधून एक पावसाळा गेलेला होता. त्याआधी टेकडीवरचं सगळं पाणी चाळीत उतरायचं, खालच्या अंगाच्या शांताकाकूंच्या खोलीत भांडी तरंगायची, हे मी नुसतं ऐकलं. तुम्ही मुलुंडला एका कारखान्याच्या कामावर असताना तिथल्या इंजिनीअरनं भिंतीच्या पाठीमागे नुसत्या खडीचं आणि सिमेंटचं काँक्रीट भरून घेतलं. त्यातून पाणी सरळ खाली गेलेलं बघून तुम्ही त्याला विचारून घेतलंत आणि आपल्या दारात तेच केलंत. खाली दगडांचा जाड थर, वर एकाच मापाची खडी, सिमेंट आणि बेतानं पाणी. वरून थापीनं घोटाई नाही. कुरमुऱ्याच्या लाडवासारखं दिसायचं ते. "वाळू घातलंय तर पाणी थांबता," तुम्ही मला समजावलं होतंत, "नाय घातलंय तर पाणी जाता. इतक्याच गणित."

गणित मला कळलं होतं, तात्या. तरी मी काय करून बसले?

माझा पहिला पाडवा. तुम्ही चारकोपला नवीन सेक्टरच्या घरांच्या कामावर मुक्कामाला होतात. मला वाटलं, गुढी उभारायची आणि दारात हे असलं भोकाभोकांचं? माहेरी दारापुढचं आमचं खळं कसं आरशासारखं असायचं. मी तबेल्यातून शेण आणलं, तांबडी माती कालवली आणि अख्खं अंगण सारवून काढलं. एका हाताला भोकं बुजेनात म्हणून दुसरा हात दिला, मग तिसरा. शेजारणी म्हणाल्या, सून गुणाची आहे हो. मी अशी फुगले की विचारू नका.

पाडव्याला तुम्ही आलात, दारात थांबलात. खाली बघितलंत, मग माझ्याकडे. आणि म्हणालात, "झकास सारवलंस गो."

का म्हणालात तसं? तेव्हाच चार शब्द सुनावले असतेत तर मी रडले असते, पण त्याच दुपारी घासून काढलं असतं. नव्या सुनेचं मन मोडू नये म्हणून तुम्ही गप्प बसलात. पावसानं धुऊन जाईल असं तुम्हाला वाटलं असणार. पण माती वरच्या वर राहिली नव्हती, ती आत उतरून बसली होती. तेवढं एक तुमचं चुकलं, हे आज लिहूनच टाकते.

आषाढात दोन दिवस पाऊस लागून राहिला आणि अंगणाचा हौद झाला. शांताकाकूंच्या खोलीत परत गुडघाभर पाणी. सगळी चाळ तुमच्याभोवती जमली आणि मास्तरांनी पहिल्यांदा तो शब्द काढला. तुमच्या मुलानंही मान खाली घातली. मी दारात उभी होते. नुसतं "मी सारवलं म्हणून" एवढं बोलायचं होतं. जीभ टाळ्याला चिकटून बसली.

तुम्ही एकदाच माझ्याकडे बघितलंत आणि त्यांना म्हणालात, "काम माझा आसा. मी बघतंय."

पुढचे दोन रविवार तुम्ही तारेचा ब्रश घेऊन अंगणात बसलात. मला हाक मारलीत, हातात एक मोठा खिळा दिलात. शिक्षा दिलीत ती एवढीच. तुम्ही ब्रशनं घासत होतात, मी एकेक भोक खिळ्यानं कोरत होते, वरून बादलीनं पाणी मारत होते. दुसऱ्या रविवारी दिवेलागणीला पाणी ओतलं आणि ते भसकन आत गेलं, तेव्हा तुम्ही हसलात.

त्यानंतर पाणी कधी साचलं नाही. पण तो शब्द काही गेला नाही. चाळीची टाकी बांधायची निघाली तेव्हा काम बाहेरच्या गवंड्याला दिलं. तुम्ही रोज त्याच्या कामावरून मान वळवून जायचात. ते बघूनही मी गप्प राहिले. तुम्ही गेलात तोवर गप्प राहिले. याची मला फार लाज वाटते.

म्हणून आज उठले. मास्तरांना म्हटलं, "वाळू खाल्ली नाही. घातलीच नव्हती, आणि मुद्दाम घातली नव्हती. त्या वर्षी पाणी साचलं ते माझ्यामुळे. मी शेणानं सारवलं होतं." मग पाडवा, खिळा, सगळं सांगितलं. हातच्या कांकणाला आरसा कशाला? भरलेली बादली आणून मास्तरांच्या पायाशी ओतली. त्यांची चप्पलसुद्धा नीट भिजली नाही.

शांताकाकू पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "मेल्या माणसानं एकदा तरी सांगायचं ना गं." तुमचा मुलगा उठून घरात गेला, माळ्यावरचा तुमचा ब्रश काढून आणला आणि तिथेच कोपरा घासायला बसला. मास्तरांनी कोब्याचा कागद घडी करून खिशात घातला. माफी मागितली नाही. पण मीटिंग ऐकायला खालच्या चाळीचे लोकही येऊन बसले होते, ते म्हणाले, आमच्याकडेही असंच करायचं आहे, कोण दाखवेल?

मी म्हटलं, मी दाखवेन.

कालवलेला माल मुठीत दाबायचा, गोळा झाला पाहिजे आणि तळहाताला पाणी सुटता कामा नये. गोणपाट ओलं ठेवून सात दिवस कोणी पाय ठेवायचा नाही. सगळं पाठ आहे मला. तुमच्यासारख्या गवंड्याची सून आहे मी, आणि आज त्याचा जो तोरा होता ना माझ्या चालण्यात, तो तुम्ही बघायला हवा होता.

तात्या, शब्द देते. दर वैशाखात अंगण मी स्वतः ब्रशनं धुईन. शेणाचा हात फक्त तुळशीच्या कट्ट्यावर फिरेल. तुमचा खिळा देव्हाऱ्याच्या खणात ठेवलाय, तो माझ्या पोरीच्या हातात देईन. आणि खालच्या चाळीत कोणी विचारलंच की यात वाळू कुठे आहे, तर आधी माझी चूक सांगेन आणि मग तुमचं नाव.

तुमची सून,
सुलभा