बाबांनी एंटर दाबेपर्यंत

मी, खाली सही करणारा, घरात बारक्या आणि कामावर माकड या नावांनी ओळखला जाणारा, वय सव्वीस, शिक्षण आठवी पास (नववीत नाव होतं, मी नव्हतो), धंदा टॉवरवर चढून अँटेना बसवणे, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर आहे. याबद्दल बाबांचं मत वेगळं पडेल, पण ते मत मी जन्मलो तेव्हापासूनचं आहे, आजच्या दिवसापुरतं नाही. मी प्यायलेलो नाही. कुणी जबरदस्ती केलेली नाही. मुकादम बाहेरून ओरडतोय, पण तो टेम्पोसाठी, या कागदासाठी नाही.

कारण लिहायचं असतं की नाही मला माहीत नाही, तरी लिहितो. मागच्या टॉवरवरून आमच्यातला लंबू खाली पडला. जिवंत आहे, पण कमरेखालचं डॉक्टर काही सांगत नाहीत. घरचे आले तेव्हा त्याची बायको आणि भाऊ त्याचा मोबाइल कुणी घ्यायचा यावरून आमच्यासमोर भांडले. लंबू खाटेवर होता. तो बोलत होता, नाही असं नाही, पण त्याच्याकडे कुणी बघतच नव्हतं. तेव्हा ठरवलं, आपलं आपण लिहून ठेवायचं. आता आम्हाला वरच्या डोंगरावर पाठवतायत. तिथे रेंज नाही. रेंज आणायलाच तर चाललोय. फोन खाली, कामावरच्या आचारीकाकांकडे राहणार.

कलम एक. बँकेत जे असेल ते आईचं. ते काढायला दाजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला, सोबत नेलं तर चालेल, पण त्यांना सल्ला विचारू नये. ते न विचारता देतात तेवढा पुरतो.

कलम दोन. माझा पट्टा, हुक आणि नट आवळायचे पाने कामावरच राहू द्यावेत, नवीन येणाऱ्या पोराला लागतील. पट्ट्याची शिवण मात्र आधी तपासावी. पेटीत एक व्हर्निअर आहे, जाडी मोजायचा, तो बाबांना परत द्यावा. बाबा लेथवाले, लोखंड कातायच्या यंत्रावरचे. मला त्यांनी लेथवर उभं केलं आणि पहिल्याच महिन्यात माझा हात हलला म्हणून हाच व्हर्निअर फेकून मारला. तो लागला नाही. तोच उचलून मी निघून आलो. त्यानंतर गॅरेज, मग केबलवाला, मग सामान पोचवायचं काम, मग टॉवर. एका जागी माझं बूड टिकत नाही हे खरं आहे. पण एवढा आपटूनही व्हर्निअर आजही माप बरोबर दाखवतो, हे बाबांना मुद्दाम कळवावं.

गॅरेजवाल्याला काही देऊ नये. त्याला कारण माहीत आहे.

कलम तीन. घरातला संगणक. हे मृत्युपत्र खरं तर याच्याचसाठी आहे.

बाबांच्या घशाचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं. लेथ चालू असताना पलीकडच्या गल्लीतल्या माणसाला हाक मारणारा माणूस, त्याच्या हातात आईने पाटी दिली. पाटी त्यांनी फोडली. त्यानंतर मी सुट्टीवर घरी गेलो. एक बंद पडलेलं ऑफिस भंगार काढत होतं, तिथून हा डबा उचलून आणला. म्हातारा होता. त्याला झेपेल असं मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून शोधलं, तेव्हा लिनक्स सापडलं, संगणक चालवायची सिस्टिम. फुकट, हलकं, आणि त्याच्यासोबत पाहिजे ते सगळं फुकट.

फुकट असलं की माणूस चेकाळतो. आज हे लिनक्स, उद्या ते. एकात चिन्हांची पट्टी खाली, एकात वर, एकात पट्टीच नाही. मी कामावर परत आलो तरी फोनवरून ताईला सांगून सांगून बदलायला लावायचो. चांगलं दिसतंय म्हणून बदलायचं, नवीन आलंय म्हणून बदलायचं. प्रत्येक वेळी बाबांना सगळं परत शोधायला लागायचं. शेवटी त्यांनी संगणकात लिहून, बोलायच्या मशीनकडूनच मला फोनवर निरोप दिला, "परत बदललंस तर घणाने फोडीन." मशीनच्या सपाट आवाजात ऐकलं तरी अंगावर काटा आला. त्या दिवसापासून मिंट नावाचं लिनक्स आहे आणि ते हललेलं नाही.

आता कुठला प्रोग्रॅम कुणाचा, ते. आईला इंटरनेटचं फायरफॉक्स, कोल्ह्याच्या चिन्हाचं. तिच्यासाठी बाकी सगळी चिन्हं लपवली, एकच ठेवलं. ती म्हणते, "कोल्हा दाबला की पोरगा दिसतो." रेंज नसली की शिव्याही कोल्ह्यालाच. ताई दिवसा माहेरी येऊन शिलाई करते, तिच्या गिऱ्हाइकांची मापं लिब्रेऑफिसच्या तक्त्यात आहेत. बाबांना बघायला व्हीएलसी. कुठलीही फाइल टाका, कुरकुर न करता चालवतं. त्यात त्यांनी परदेशातल्या लेथचे व्हिडिओ साठवलेत, आणि ते बघून लोकांना नावं ठेवतात. फोटो सुधारायचा एक प्रोग्रॅम मी माझ्या हौसेने टाकला होता, तो कुणालाच आला नाही, मलाही नाही. तो काढून टाकला तरी माझी हरकत नाही.

आणि बाबांचा बोलायचा प्रोग्रॅम. तो निवडायला सगळ्यात जास्त वेळ गेला. एक होता त्याला मराठी येत नव्हतं, तो "कुठे आहेस" हे असं म्हणायचा की आई घाबरली. एक दर शब्दाला अडायचा. एकाला सतत इंटरनेट लागायचं, म्हणजे रेंज गेली की बाबा गप्प. शेवटी राहिला तो हा. मोठी अक्षरं, एक चौकट, बाकी काही नाही. चौकटीत लिहायचं, एंटर दाबायचं, की मशीन बोलतं. आवाज चांगला नाही, डब्यात बसलेल्या माणसासारखा आहे. पण तो बाबांनी लिहिलं तेवढंच बोलतो आणि बाबांनी सांगितल्यावरच बोलतो.

कीबोर्डवर ताईने मराठी अक्षरं चिकटवली. बाबा एका बोटाने लिहितात. एक वाक्य म्हणजे चहा निवतो. म्हणून घरात नियम झाला. नियम कुणी केला नाही, आपोआप झाला: बटणं वाजायला लागली की सगळ्यांनी गप्प बसायचं, आणि बाबांनी एंटर दाबेपर्यंत उत्तर द्यायचं नाही. स्क्रीनवर काय लिहिलंय ते दिसत असलं तरी नाही. आई हातातलं काम तसंच धरून उभी राहते. ताई शिलाई मशीनचं पायडल थांबवते. एंटर पडला, मशीन बोललं, की मग भांडण चालू. पहिल्यासारखंच भांडण. मी इकडून फोनवर ऐकायचो तेव्हा बरं वाटायचं.

दाजींना हा नियम पाळता येत नाही. वाईट माणूस नाहीत, हेही मला मृत्युपत्रात लिहायलाच पाहिजे. ऑपरेशनच्या वेळी हॉस्पिटलात तेच झोपले होते, मी नव्हतो. पण त्यांचं झेरॉक्सचं दुकान आहे, समोर उभ्या माणसाला काय पाहिजे ते त्यांना आधीच कळतं. ते बाबांच्या खांद्यावरून स्क्रीन वाचतात आणि आधीच उत्तर देऊन मोकळे होतात. मागे मी व्हिडिओवर होतो तेव्हाचं सांगतो. बाबांनी लिहिलं, "मला त".

"त्रास होतोय का, बाबा?" दाजी म्हणाले. "आई, पंखा वाढवा जरा. उशी देऊ का?"

बाबांनी मान हलवली. परत लिहायला घेतलं, "मला तसल".

"तसलं म्हणजे पातळ जेवण ना? बरोबर आहे, कंटाळा येतो. हिला सांगतो मी."

"अहो, लिहू द्या ना त्यांना," ताई म्हणाली.

"लिहितायतच की. मी कुठे हात धरला?"

बाबांनी एकेक अक्षर मागे पुसलं, चौकट रिकामी केली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. पूर्ण वाक्य मला आईने नंतर सांगितलं, तिला त्यांनी एकटीला ऐकवलं होतं: "मला तसला आवाज नको."

आवाजाचं असं आहे. दाजींनी ठरवलंय की दुकानात आहे ती सिस्टिम घरच्या मशीनवर टाकायची आणि हे सगळं पुसायचं. मी फोन केला.

"अरे, किती सोपं होईल त्यांना," दाजी म्हणाले. "बाईचा आवाज आहे, एकदम गोड. आणि अर्धा शब्द लिहिला की पुढचा आपोआप येतो. त्यांना एवढं टुकटुक करायला नको."

"बाबांना विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात? चांगल्यासाठीच करतोय."

मी एवढी लिनक्सं बदलली, तीही चांगल्यासाठीच. आणि मला तर एवढंही सांगता येत नाही की दाजींची सिस्टिम वाईट आहे. असेलही चांगली. पण बाबांना ही चौकट शिकायला वर्ष गेलं. ती पुसली की ते परत मुके होणार, आणि परत शिकण्याएवढा धीर त्यांच्यात उरलाय का, हे कुणी विचारलेलं नाही. ज्याला आधी गप्प बसवायचं आणि मग विचारायचं, तो काय सांगणार?

म्हणून लिहितो. सदर संगणक, पडदा, कीबोर्ड चिकटवलेल्या अक्षरांसकट, आणि त्यातले सगळे प्रोग्रॅम मी बाबांना देतो. कुठला ठेवायचा, कुठला काढायचा, कुठला आवाज, सगळं बाबा ठरवतील. मीही नाही, दाजीही नाही. अंमलबजावणी ताईने करावी.

एवढं लिहून झाल्यावर माझ्या ध्यानात आलं की हे मी मेल्यावर लागू होतं. दाजी उद्याच येतायत. मेलेल्याच्या सहीला तरी घरात वजन असतं, जिवंत धाकट्याचं कोण ऐकतं?

मग आत्ता घरी फोन लावला. आईने उचलला.

"आई, फोन बाबांजवळ धर."

"धरलाय. काय झालं? एवढ्या सकाळी?"

"काही नाही. मृत्युपत्र लिहितोय."

"काय लिहितोयस?"

"सगळेच लिहितात आमच्यात, पद्धत आहे." हे मी खोटं बोललो. "बाबा, ऐका. दाजी उद्या मशीन पुसायला येतायत. तुम्हाला काय पाहिजे ते तुम्ही आज सांगा. हे ठेवायचं की ते. तुम्ही सांगाल ते मी कागदावर घालतो, ताई त्यांना दाखवेल."

"अरे, पण मृत्युपत्र कशाला?" आई म्हणाली, आणि मग गप्प झाली, कारण पलीकडे बटणं वाजायला लागली होती.

हे लिहितोय तेव्हा बटणं वाजतायत. थांबतात, परत वाजतात. मागे पुसतायत की पुढे लिहितायत ते इथून कळत नाही. मुकादम आता दारात उभा आहे. त्याला म्हणालो, वडील बोलतायत. त्याने कान लावला आणि म्हणाला, "मला तर काही ऐकू येत नाही. चल." टेम्पो माझ्यासाठी थांबणार नाही. मी गेलो नाही तर माझ्या जागी लंबूच्या गावचा एक पोरगा आहे, अजून पट्टा नीट बांधता न येणारा.

मला एंटरपर्यंत थांबता येत नाही. फोन चालूच ठेवून आचारीकाकांच्या हातात देतोय. बाबा जे बोलतील ते काकांनी खाली जसंच्या तसं लिहावं. तेच या मृत्युपत्राचं शेवटचं कलम समजावं आणि वरच्या कुठल्याही कलमाशी त्याचं जुळत नसेल तर वरचं रद्द धरावं.

हे सगळं मी वाचून पाहिलं. बरोबर आहे.

सही: बारक्या, लेथवाल्याचा धाकटा

ठिकाण: टॉवरच्या कामावरचं स्वयंपाकघर, डोंगराच्या पायथ्याशी
दिनांक: १४, शनिवार, सकाळ

साक्षीदार पहिला: टेम्पोचा ड्रायव्हर. सही समोर झाली. मी वाचलेलं नाही, वेळ नव्हता.

साक्षीदार दुसरा: कामावरचा आचारी. सही माझ्यासमोर झाली. पोरगा टेम्पोत चढला, टेम्पो वळणावरून गेला. फोन माझ्या कानाला होता. बटणं बराच वेळ वाजत होती, मी बोललो नाही. मग आवाज आला, माणसाचा नाही, सपाट. असा आला: "मशीनचं मी बघतो. तू खाली उतर." मी सांगितलं, बाबा, टेम्पो गेला, पोरगा नाही इथे. या वेळी एकच बटण वाजलं. तोच आवाज परत आला, मशीनचं मी बघतो, तू खाली उतर. मग परत तेच. मी फोन अजून ठेवलेला नाही.