सव्वा तासाचं पुणं

पुणे, १० डिसेंबर २०२४

आदरणीय आई-बाबा,
सविनय जय भीम.

फोनवर विमानाचा विषय काढला की बाबा आईच्या हाती फोन देऊन अंगणात जातात, म्हणून लिहिते. डॉक्टरांनी जानेवारीची पहिली तारीख दिली आहे. पहिलं बाळंतपण, मला तुम्ही दोघं जवळ हवेत. तुमचे जावई अनुप नागपूर-पुणे विमानाची तिकिटं काढत आहेत. हवेतून अंतर सहाशे किलोमीटरच्या आसपास, सव्वा तासाचा प्रवास. बाबा, नाही म्हणू नका.

तुमची माया आहेच, ती घेऊनच या.
तुमची प्रतिभा

जैनथ, १५ डिसेंबर

चि. प्रतिभास आशीर्वाद.

शाळेत माझ्या वर्गातल्या नकाशावर पट्टी लावून पाहिली. सव्वा तास खरा. पण जैनथहून नागपूरचा विमानतळ गाठायलाच अर्धा दिवस, तिथं दोन तास आधी हजेरी. शिवाय वाटेत काही बिघडलं तर खाली उतरून उभं राहायला जागा नाही. मी भीत नाही, हिशेब सांगतो. तुझ्या आईला हौस आहे. तिचं एकटीचं तिकीट काढा. लखनमामा तिला नागपूरला विमानात बसवून देईल. मी नांदेडहून ट्रॅव्हल्सने येतो. मी पोचेपर्यंत तिची जेवून भांडीसुद्धा घासून झालेली असतील, असं ती म्हणते.

तब्येतीला जप, बापावर राग धरू नकोस.
तुझा बाबा, दौलत

पुणे, ३ जानेवारी २०२५

प्रतिभाच्या बाबांस द्वारकाचा जय भीम.

तुमी रजा संपली म्हणून परवा गेले अन् लगेच शेजारच्या सुवर्णाचा फोन आला. द्वारकीले विमानानं फुकट हैदराबाद दाखवलं, असं गावभर सांगून राह्यले म्हणे! फोनवर तुमी मले बोलू देत नाई, म्हणून खरं काय ते लिहून राह्यले.

विमान वेळेवर उडालं. मांडीवर डिंकाच्या लाडवाचा डबा. सव्वा तास उलटला तरी पुणं येईना. खाली धुकं. घिरट्या घालून शेवटी त्यानं हैदराबाद गाठलं. शेजारची बाई रडाले लागली, तिले लाडू दिला, मंग मागच्या-पुढच्यांना. हवाईसुंदरीनं बी एक घेतला. तिथंच जावयाचा फोन आला, प्रतिभाले कळा सुरू झाल्या. मंग मात्र माह्या हातातला लाडू हातातच राह्यला. तिचा बाप तरी पोचला का, येवढंच विचारलं.

धुकं हटल्यावर विमान पुण्याले आलं. संध्याकाळी दवाखान्यात येते, तर तुमी नात मांडीवर घेऊन बाकावर. पायाले मुंग्या आल्या तरी हलले नाई, असं नर्स सांगे. मी मागितली तर मले म्हणाले, रांगेत ये. बायकोले असं म्हणते का कोणी?

पण लेकीजवळ तुमी होते, हे लई बरं झालं. हे गावात सांगू नका.

जेवत जा. नातीले देऊन उरलेला लोभ माह्यावर ठेवा.
द्वारका

जैनथ, ७ जानेवारी

सौ. द्वारकास जय भीम.

गावातलं बोलणं मागे घेतलं. तू हैदराबाद पाहिलंच नाहीस, नुसते लाडू वाटलेस, असं सुवर्णाला समजावून सांगितलं.

संक्रांतीची सुटी लागते आहे. ट्रॅव्हल्सने आलो तर दोन दिवस रस्त्यातच जातील. तेवढ्यात पोरगी मला विसरेल. म्हणून अनुपना सांग, माझं नागपूरहून विमानाचं तिकीट काढा. फोनवर हे माझ्याच्यानं बोलवलं नसतं, म्हणून स्पीडपोस्ट. खिडकी नको, मधली जागा बघा. मी डोळे मिटूनच येणार आहे. उतरलो की आधी पोरगी माझ्या हातात द्या, मग उघडतो.

सगळ्यांवरचा लोभ तसाच, एकीवरचा वाढला आहे.
दौलत