सातवी नस

३ नोव्हेंबर
आलो एकदाचे मुलुंडला. घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट आहे, पण तिच्या भरवशावर राहू नका, असं खालच्या इडलीवाल्यानेच सांगितलं. यज्ञेशला पवईचं ऑफिस जवळ पडतं म्हणून स्वारी खूश. मी त्याहून खूश. डॉ. वसुधांच्या क्लिनिकमध्ये आजपासून माझी कान तपासायची नोकरी सुरू झाली, आणि या महिन्याच्या शेवटी श्रेयसचं यंत्रही तिथेच सुरू होणार. माझं तीन वर्षांचं पोर जन्मापासून ऐकत नाही. ऑपरेशन झालंय, टाकेही निघालेत. आता कानामागच्या यंत्रातला आवाज आतल्या तारेने थेट ऐकण्याच्या नसेपर्यंत जाईल. त्याने जगातला पहिला आवाज माझाच ऐकायचा, हे मी यज्ञेशला बजावून ठेवलंय. काय बोलायचं ते मात्र ठरत नाही. आरशासमोर तालीम चालू आहे.

७ नोव्हेंबर
क्लिनिकमधली आवाजबंद खोली झकास आहे. दार लावलं की रस्त्यावरचा एकही हॉर्न आत येत नाही. रोज सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी मी आत बसून कान तपासायचं यंत्र स्वतःच्याच कानाला लावते. माझे कान चांगले आहेत हे ठाऊक असल्यामुळे यंत्रात बिघाड असला तर लगेच कळतो.

कानाची आठवी नस आवाज मेंदूकडे नेते. आवाज फार मोठा असला तर मेंदू तिच्या शेजारणीला, म्हणजे चेहऱ्याच्या सातव्या नसेला निरोप धाडतो. ती कानातला एक इवलासा स्नायू आवळून धरते आणि यंत्राच्या पडद्यावरची रेघ खाली येते. आपण बोलायच्या क्षणभर आधीही ती तो आवळते, आपल्याच आवाजाचा आपल्याला त्रास होऊ नये म्हणून. आज माझ्या उजव्या कानाची रेघ सारखी खाली येत होती. यंत्राचा आवाज बंद होता आणि मी तोंड मिटून बसले होते. आवंढा गिळला असेल, असं म्हणून सोडून दिलं.

११ नोव्हेंबर
चेतना रिसेप्शनला बसते. तोंडाने फटकळ, मनाने चांगली. आज तिने एका आजोबांना मी न सांगताच आत पाठवलं. मी झापलं तर म्हणाली, तूच हाक मारलीस ना गं, पाठव म्हणून. मी हाक मारलीच नव्हती, हे ऐकल्यावर तिचा चेहरा उतरला. मग तिने सांगितलं, माझ्या जागेवर आधी नीलम होती. बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवण्यात तिचं आयुष्य गेलं. प्रत्येकाला ती पाखरा म्हणायची. घशाच्या कॅन्सरमध्ये तिचं स्वरयंत्र काढलं. तरी ती येत राहिली. त्या आवाजबंद खोलीत बसून नुसते ओठ हलवायची. गेल्या वर्षी वारली. ऐकून फार वाईट वाटलं. भीती वाटली नाही, हे लिहून ठेवते.

१५ नोव्हेंबर
सकाळी चहा हनुवटीवरून ओघळला. आरशात पाहते तर तोंड वाकडं, उजवा डोळा मिटेना. डॉ. वसुधा म्हणाल्या, सातवी नस सुजली आहे, गोळ्या घे, होईल बरं. यज्ञेश म्हणाला, नेहमी वाकड्यात शिरतेस, आता तोंडानेही साथ दिली. मी हसले, अर्ध्याच तोंडाने. उजव्या कानाला कुकरची शिट्टी सोसवत नाही. ते बरोबरच आहे. नसच लुळी पडली, तर तो स्नायू आवळणार कोण.

१७ नोव्हेंबर
रेघ खाली आली. उजव्याच कानाची. पापणी माझ्याने मिटत नाही, ओठ हलत नाही, आणि तो स्नायू मात्र आवळतोय. थांबत थांबत, माणूस बोलतं तसा. दुसरं यंत्र लावून पाहिलं, तेच. माझी नस माझं ऐकत नाही. दुसऱ्या कुणाचं तरी ऐकते. मला भीती वाटते.

२१ नोव्हेंबर
श्रेयसचं यंत्र थोडं लांबणीवर टाकू, असं डॉ. वसुधांना म्हटलं. त्या चिडल्या. ऐकायला जितका उशीर तितकी भाषा लांब, हे मीच रोज पालकांना सांगते. खरं कारण सांगायला जीभ रेटेना. मग ठरवलं, पहिला शब्द यज्ञेश बोलेल. मी गप्प बसेन. माझी हौस गेली खड्ड्यात.

२४ नोव्हेंबर
यंत्र सुरू झालं. मी तोंडावर हात घट्ट दाबून बसले होते. यज्ञेश बोलणार, तेवढ्यात माझ्या उजव्या कानात तो स्नायू फडफडला. श्रेयसने मान वळवली. माझ्याकडे. हसला. असा हसताना त्याला कधी पाहिलं नव्हतं.
यज्ञेश रडत होता. म्हणाला, किती गोड हाक मारलीस, पाखरा म्हणून.
मला काहीच ऐकू आलं नाही. हात तोंडावरच होता.

२७ नोव्हेंबर
मी बोलले की तो यंत्राची चकती डोक्यावरून ओढून काढतो. मी गप्प झाले की आपल्या हाताने लावतो. मग माझ्या मिटलेल्या तोंडाकडे बघून खुदुखुदु हसतो. यज्ञेशला वाटतं आमचा खेळ चाललाय. माझं पोर — त्याला माझा आवाज नको —

२९ नोव्हेंबर
आज म्हणाला. आई.
इतक्या लवकर कुठलंच मूल बोलत नाही. मी ओ द्यायला गेले — त्याआधीच फडफडलं. त्याला ओ मिळाली होती. माझ्या चेहऱ्याकडे त्याने पाहिलंही नाही. माझ्या उजव्या कानाशी ओठ आणून पुन्हा म्हणाला — आई.

३० नोव्हेंबर
चकती काढून घेतली तर तो पुन्हा बहिरा. राहू दिली तर नीलमचा.
दुपारी काढायला गेले. त्याने माझा चेहरा पाहिला, घाबरला — आणि मलाच बिलगला. उजव्या बाजूला.

१ डिसेंबर
उजवा ओठ हलतो आता. छान हलतो. सगळे म्हणतात बरी झालीस — मी हलवत नाही तो. डावी बाजू जड — लिहिता येतंय तोवर — यज्ञेशला सांगायला हवं. आतल्या खोलीत आहे. हाक मारते —
फडफडलं — यज्ञेश हसत येतोय — ओ देत येतोय — मी अजून त्याला हाकच —