पिक्चर सोडल्याची शपथ

१३ फेब्रुवारी १९९१, राखेचा बुधवार
ईस्टरपर्यंतचे उपवास सुरू. कपाळाला राख लावून घेतली. कासिमिरोने फादरसमोर शपथ घेतली, ईस्टरपर्यंत टकिला दारूचा थेंब नाही. भाचीच्या बारशाला पिऊन खुराड्यावर पडला, दोन कोंबड्या मेल्या, मग दुसरं काय करणार. तर तिथेच म्हणतो, मी एकटा कोरडा राहणार नाही, बायकोनेही काहीतरी सोडावं, तिने मोडली तर माझीही मोडली. मागे माणसं खोळंबलेली. मिरची काही सुटायची नाही, म्हणून घाईत बोलून गेले, जुने गाण्यांचे पिक्चर सोडते. फादरने मरियामातेच्या छोट्या चित्रामागे दोघांची नावं लिहिली. कासिमिरोने ते पाकिटात ठेवलं.
सोपं आहे. मला कुठे व्यसन आहे?

१७ फेब्रुवारी, रविवार
टीव्हीवर रविवारचा पिक्चर. मी पाठ करून बसले, भाजीसाठी निवडुंगाचे काटे काढत. गाणी कानात गेली. कानांची शपथ नव्हती.
तसं त्यात असतं काय? हिरो सकाळी घोड्यावर बसतो, तीन गाणी होतात, मक्याला पाणी कोण देतं ते दाखवत नाहीत. हिरोईन दिवसभर खिडकीत. हिला धुणी नाहीत, भांडी नाहीत. सुटलं ते बरं झालं.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार
कासिमिरो रात्रभर अंगणात फेऱ्या मारतो, पण पीत नाही. मेव्हण्याने ग्लास पुढे केला तर पाकिटातलं चित्र काढून दाखवलं म्हणे. म्हणाला, घरी बायको निभावतेय, मी कसा पिऊ?
उद्यापासून कानही बंद.

३ मार्च, रविवार
शेजारीण एपिफानियाकडे मीठ मागायला गेले. तिने भाड्याची कॅसेट लावलेली. मी कधीच न पाहिलेला पिक्चर! शपथ जुन्या पिक्चरांची, हा तर मला नवाच. एपिफानिया म्हणाली, बाई, हे फादरना सांगून बघ. मी म्हटलं, तू सरक जरा.
हिरो उर्मट. पोरीला न विचारता तिच्यावर पैज लावतो. थोबाड फोडावंसं वाटतं. मग टोपी मागे सारून गायला लागतो आणि मी पाघळते. त्याचा बेवडा दोस्त खिडकीखाली अख्खं प्रेमगीत म्हणतो, खिडकी उघडते, आत गाढव. हसून हसून जमिनीवर बसले.
मीठ तिथेच राहिलं.

१० मार्च, रविवार
पुन्हा मीठ आणायला गेले. पिक्चर पहिल्यापासून बघावा लागला, शेवट नीट कळला नव्हता. त्यातले पुरुष दर गाण्याला पितात आणि सूर सुटत नाही. आमचा पिऊन नुसता घोरायचा.
घरी आले तर कासिमिरोने माझ्यासाठी कॉफी केलेली. म्हणाला, तुला रविवार जड जातो, कळतं मला. साखर जास्त झाली म्हणून मी त्याच्यावर ओरडले. दुसरं काय बोलणार?

२४ मार्च, झावळ्यांचा रविवार
पापाची कबुली द्यायला रांगेत उभी राहिले. रांग मोठी, गुडघा दुखला, निघाले. वाटेत एपिफानियाचं दार उघडं होतं. आता हे शेवटचं.

३१ मार्च, ईस्टर
कासिमिरोने निभावलं. आणि माझं बक्षीस म्हणून कॅसेट घेऊन आला. तू न पाहिलेला शोधून आणलाय, म्हणाला. पहिला घोडा दिसला आणि मी ओळखलं. तोच. ठरवलं, तोंड दगडासारखं ठेवायचं. ठेवलंही. बेवडा खिडकीखाली आला, गायला लागला. खिडकी अजून बंद होती आणि मी फिस्सकन हसले.
तो टीव्हीकडेच बघत राहिला. खिडकी उघडली, गाढव आलं. मग म्हणाला, ही कॅसेट महिनाभर एपिफानियाकडे होती, दुकानदाराने मला कधीच सांगितलं होतं. मी विचारलं, मग तू प्यायला का नाहीस? म्हणाला, रोज वाटायचं, आज तू सांगशील.

१ एप्रिल, सोमवार
सकाळी एकटाच चर्चमध्ये जाऊन वर्षाची शपथ घेऊन आला. नव्या चित्रामागे त्याचं एकट्याचं नाव. मी म्हटलं, माझंही घालायचं होतंस. म्हणाला, घालू, आधी ती कॅसेट परत देऊन ये.
निघालेच होते. पण कॅसेट मागे फिरवून द्यावी लागते, नाहीतर दुकानदार कुरकुरतो. आणि फिरवताना कुठवर आली ते बघावं लागतं.
आत्ता गाढवापाशी आली आहे.